मेख आहे ती मूल्यांकनात

नेत्यांना परदेशातून मिळणाऱ्या भेटवस्तूंवरचा लेख वाचला. मोदींनी २०२३ मध्ये तेव्हाच्या अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना दिलेला हिरा २० हजार डॉलरचा, हे आपल्याला कळलं अमेरिकेने छापलेल्या अशा भेटवस्तूंच्या यादीतून! कोणी दिलं, किंमत काय, वस्तू आता कुठे, सगळं छापून मोकळे. सीआयएवाल्यांना मिळालेली घड्याळं, अत्तरं नष्ट केली हेसुद्धा त्यात आहे. (अत्तर नष्ट कसं करतात देव जाणे.)

लेखात म्हटलंय की आपल्याकडे कडक कायदा हवा. अहो, नियम १९७८ पासून आहेत! परदेशातून मिळालेली भेटवस्तू तोशाखान्यात, म्हणजे अशा वस्तूंच्या सरकारी भांडारात, जमा करायची, ५ हजार रुपयांपर्यंतची ठेवता येते, त्यावरची हवी तर वरचा फरक भरून घ्यायची. पण भारी घड्याळाची किंमत ४,९०० लावली, तर विचारणार कोण? मूल्यांकन कोणी, कशावरून केलं तेही आपल्याकडच्या यादीत छापा.