पडल्यानं बाळ शहाणं होत नाही

नव्यानं आई-बाबा झालेल्यांना धीर देणारा एक संदेश सतत फिरत असतो. मला तो आतापर्यंत चार जणांनी पाठवला, चौघंही मायेची माणसं. त्याचा सारांश असा: बाळं पडतातच आणि पडूनच शिकतात, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. बाळाची हाडं मऊ असतात, त्याला मोठ्यांसारखं लागत नाही. पालथं पडायला लागेपर्यंत पलंगावर खुशाल ठेवा, मग चारी बाजूंनी उशा लावा. एकदा पडलं की ते आपणच कडेपाशी जायचं टाळतं. बसायला लागलं की वॉकरमध्ये ठेवा, म्हणजे पडायची भीती नाही आणि चालायलाही लवकर येईल. आणि पडलंच, तर रडतंय म्हणजे ठीक आहे, फक्त दोन तास झोपू देऊ नका.

धीर द्यायला माझी ना नाही. माझी मुलगी पाच महिन्यांची असताना पलंगावरून पडली. मी खोलीतच होते, कपाटातून दुपटं काढायला पाठ वळवली होती. तो धप्प आवाज अजून कानात आहे. टेंगळापलीकडे तिला काही झालं नाही, आणि त्या रात्री ‘अगं, होतं असं’ म्हणणारं माणूस मला हवंच होतं. पण या संदेशात धीराच्या जोडीला चुकीची माहिती आहे, आणि ती वाचून लोक खरोखर उशा लावतात, वॉकर आणतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘बाळं पडूनच शिकतात’

यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच तो पटतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं चालणं मोजलं. मोकळेपणी खेळताना ही मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. तासाला सतरा वेळा! हे पडणं शिकण्याचाच भाग आहे, त्याला अडवू नये.

पण ते पडणं कसं असतं ते बघा. मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं, तोल गेला की गुडघे दुमडतात आणि ते बुडावर बसतं. बुड जमिनीपासून वीत-दीड वीत वर. किंवा ते पुढे हात टेकतं. हात पुढे करून सावरण्याची ही प्रतिक्रिया साधारण आठव्या-नवव्या महिन्यात दिसू लागते. पाच महिन्यांच्या बाळाकडे ती नसते. ते पलंगावरून येतं तेव्हा हात मध्ये येत नाहीत, येतं ते डोकं. संदेश या दोन्हींना ‘पडणं’ हा एकच शब्द वापरतो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

‘एकदा पडलं की कडेपाशी जात नाही’

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण शहाण्यासुरत्या माणसांचाही यावर विश्वास असतो. समोर किती खोल आहे, हे बाळाला दिसत नाही असं नाही. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यासाठीच गाजला. एका उंच टेबलावर जाड काच. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकड्यांचं कापड, उरलेल्या भागात तेच कापड खूप खाली, म्हणजे पाहणाऱ्याला तिथे कडा वाटावा असं. साधारण सहा ते चौदा महिन्यांची ३६ बाळं त्यावर ठेवली, आणि पलीकडून आयांनी हाका मारल्या. जी २७ बाळं जागची हलली, त्यांतली फक्त तीन खोल बाजूच्या काचेवर गेली. यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की रांगणाऱ्या बाळाला कड कळते.

कळते, पण कुठल्या अवस्थेत? अडॉल्फ यांनीच २००० मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. साडेनऊ महिन्यांची बाळं, आणि समोर कमी-जास्त करता येणारी खरीखुरी फट, काच नाही. पडणाऱ्या बाळाला झेलायला माणूस तयार. बाळं बसलेली असताना फटीपलीकडचं खेळणं घ्यायला किती वाकायचं, याचा त्यांचा अंदाज बराच अचूक निघाला. तीच बाळं रांगत आली तेव्हा मात्र पार करणं अशक्य असलेल्या रुंद फटीत सरळ गेली. बसण्याचा त्यांचा सराव जुना होता, रांगण्याचा नवा. बसताना मिळालेलं शहाणपण रांगताना कामी आलं नाही.

म्हणजे ‘एकदा पडलं की शिकतं’ हे घडतच नाही. बसायला लागल्यावर कड नव्यानं शिकायची, रांगायला लागल्यावर पुन्हा, उभं राहिल्यावर पुन्हा. प्रत्येक वेळी मधले काही आठवडे बाळ कडेला अगदी नवखं असतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत आपण म्हणतो, ‘आता कळायला लागलंय त्याला’. पोटावर वळून, पाय आधी खाली सोडून उतरायला बाळाला जरूर शिकवा. मी शिकवलं. पण त्या शिकवणीच्या भरवशावर त्याला पलंगावर एकटं सोडू नका.

‘हाडं मऊ असतात, लागत नाही’

हाडं लवचीक असतात हे खरं. कवटीची हाडं पातळ असतात, पुरती जुळलेली नसतात, आणि पुढची टाळू बहुतेक बाळांत दीड वर्षाच्या आसपास भरते. ही रचना जन्माच्या वाटेतून डोकं बाहेर येण्यासाठी आणि नंतर मेंदूला वाढायला जागा मिळावी म्हणून आहे. दोन वर्षांपर्यंत मेंदू प्रौढ आकाराच्या जवळजवळ ८० टक्क्यांपर्यंत पोचतो, इतकी ती वाढ वेगवान असते. मार सोसण्यासाठी ही रचना नाही. पातळ हाडाला तडा जाऊ शकतो, आणि हाड शाबूत राहूनही आत रक्तस्राव होऊ शकतो. भरीला नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या सुमारे पावपट असतं आणि मान कच्ची. वरचा भाग जड असल्यानं बाळ उंचावरून बहुधा डोक्याकडूनच येतं.

थोडा हिशोब करते. ६० सेंटिमीटर उंचीवरून खाली यायला सुमारे ०.३५ सेकंद लागतो आणि जमिनीला टेकताना वेग ताशी १२ किलोमीटरच्या आसपास असतो. ९० सेंटिमीटरवरून, म्हणजे कपडे बदलायच्या टेबलाच्या उंचीवरून, ०.४३ सेकंद आणि ताशी १५ किलोमीटर. माणसाला काही दिसल्यावर हात हलायला लागेपर्यंतच सुमारे ०.२ सेकंद जातो. उरलेल्या वेळात दोन पावलं टाकून कोणी झेलू शकत नाही. ‘मी इथेच तर होते’ हे वाक्य मीही म्हटलं होतं. हात आधीपासून बाळावर ठेवलेला असेल, तरच आपण ‘इथे’ असतो.

पलंगावरून पडलेली बहुतेक बाळं टेंगळावर सुटतात, हेही इथेच सांगायला हवं. पण सुटतात ती हाडं मऊ म्हणून नव्हे. उंची कमी होती, खाली काय होतं, डोक्याचा कुठला भाग टेकला, यावर ते ठरतं, आणि यातलं काही आपण पडण्याच्या क्षणी निवडू शकत नाही.

‘पालथं होईपर्यंत पलंगावर खुशाल ठेवा’

पहिली कूस बाळ कळवून घेत नाही. कोणी चौथ्या महिन्यात वळतं, कोणी त्याआधी, आणि त्याच्याही आधी टाचा रोवून, कंबर उचलून बाळ वीतभर सरकतं. बाळाची आरामखुर्ची किंवा कारमधलं आसन टेबलावर ठेवलं तर पायांच्या झटक्यांनी तेही हळूहळू कडेकडे जातं. जमिनीवरून कोणी पडत नाही. दार वाजलं, फोन आला, तर बाळाला उचलून बरोबर न्या किंवा खाली जमिनीवर ठेवा, इतकंच.

‘भोवती उशा लावा’

संदेशातला हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. एक धोका टाळायला जाऊन तो त्याहून मोठा धोका बाळाच्या नाकाशी आणून ठेवतो. चार-पाच महिन्यांचं बाळ वळून उशीत तोंड खुपसलं गेलं, तर मान उचलून बाजूला व्हायची ताकद त्याच्यात असेलच असं नाही. गुदमरताना आवाज होत नाही, पडण्याचा निदान होतो. म्हणून पहिलं वर्षभर बाळाला पाठीवर, घट्ट आणि सपाट अंथरुणावर झोपवावं, आणि जवळ उशी, लोड, जाड पांघरूण, मऊ खेळणी यातलं काहीही नसावं, असं जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. अमेरिकेत १९९४ मध्ये पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली, त्यानंतर तिथे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पाळण्याच्या कडांना आतून बांधतात त्या गुबगुबीत गाद्यांवर तर त्याच देशानं २०२२ मध्ये कायद्यानं बंदी घातली.

शिवाय उशी अडवतच नाही. आठ महिन्यांचं बाळ तिच्यावर चढतं, आणि कड होती त्याहून उंच होते.

मग करायचं काय? उभ्या कडा असलेला स्वतंत्र पाळणा, ज्याच्या पट्ट्यांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि बाळ बसायला लागलं की गादी सर्वात खालच्या पातळीवर. तो नसेल तर जमिनीवर घट्ट, सपाट अंथरूण, भिंतीपासून दूर, म्हणजे मधल्या फटीत बाळ अडकणार नाही. आणि थकलेल्या आई-बाबांनी सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डुलकी काढू नये. तिथे पडणं आणि गुदमरणं दोन्ही एकत्र येतात.

‘वॉकरमध्ये ठेवा’

कॅनडानं २००४ मध्ये बाळांच्या चाकांच्या वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली. जुना वॉकर विकणंही त्यात आलं. यामागचं कारण अमेरिकेच्या आकड्यांतून कळतं. १९९० ते २०१४ या काळात तिथे पंधरा महिन्यांखालच्या अंदाजे २,३०,६७६ बाळांना वॉकरच्या इजांमुळे तातडीच्या उपचारांसाठी न्यावं लागलं. त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिकांना इजा डोक्याला किंवा मानेला होती, आणि सुमारे तीन-चतुर्थांश बाळं जिन्यावरून गडगडली होती. वॉकरमधलं बाळ सेकंदाला तीन फुटांहून अधिक अंतर कापू शकतं. ज्या वयात त्याला स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही, त्या वयात आपण त्याला हा वेग देतो. लवकर चालण्याचं म्हणाल, तर वॉकर वापरणारी बाळं बसायला, रांगायला आणि चालायला उलट उशिरा लागलेली अभ्यासांत दिसली आहेत.

संदेशात नसलेल्या दोन गोष्टी

तान्ही बाळं पुष्कळदा आपल्याच हातून पडतात. ओल्या फरशीवर, जिन्यात, एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात बादली असताना. जिना चढता-उतरताना एक हात कठड्यावरच हवा, सामानाची फेरी वेगळी करावी. जिन्याच्या वरच्या टोकाचं फाटक भिंतीत स्क्रूनं पक्कं बसवलेलं हवं. नुसतं दाबून अडकवलेलं फाटक बाळाच्या भारानं सुटू शकतं.

दुसरी गोष्ट खिडकी. न्यूयॉर्क शहरात १९७२ मध्ये खिडकीतून पडणाऱ्या मुलांसाठी एक मोहीम सुरू झाली. नाव होतं ‘मुलांना उडता येत नाही’. घरोघरी जाऊन समजावणं आणि खिडक्यांना फुकट गज देणं असं त्याचं रूप होतं. पडणाऱ्या मुलांची संख्या इतकी घटली की १९७६ मध्ये लहान मुलं राहतात त्या सदनिकांना असे गज बसवणं शहरानं सक्तीचं केलं. खिडकी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडू नये, हे माप लक्षात ठेवा. डासांची जाळी डासांसाठी असते, तिच्यावर बाळाचा भार पेलत नाही. आणि खिडकीखालचा पलंग किंवा खुर्ची आजच हलवा.

‘रडलं म्हणजे ठीक, पण झोपू देऊ नका’

पडल्यापडल्या रडणं चांगलंच, पण तेवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. बाळ काही क्षण जरी बेशुद्ध झालं, पुन्हा पुन्हा उलट्या करू लागलं, झटके आले, टाळू फुगलेली दिसली, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव आला, रडणं थांबेचना किंवा ते नेहमीसारखं वागत नाहीसं वाटलं, तर लगेच रुग्णालय गाठा. तीन महिन्यांखालचं बाळ असेल तर काही दिसो न दिसो, दाखवा. त्याला गदागदा हलवू मात्र कधीही नका.

डॉक्टर काय बघतात, हेही ठाऊक असावं. डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांवरचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यातून निघालेल्या धोक्याच्या खुणांत दोन अशा आहेत ज्या घरच्यांना सहज सांगता येतात: तीन फुटांहून अधिक उंचीवरून पडणं, आणि कपाळ सोडून डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेली सूज. तिसरी खूण आई-बाबांचंच म्हणणं आहे, ‘हे नेहमीसारखं वागत नाही’. त्या अभ्यासातल्या सगळ्या खुणांपैकी एकही नसेल तर गंभीर इजेची शक्यता फारच कमी, आणि स्कॅनही बहुधा लागत नाही.

झोपेनं मात्र काही बिघडत नाही. बाळ नेहमीसारखं असेल आणि त्याची झोपायची वेळ असेल तर झोपू द्या. दमलेल्या, रडलेल्या बाळाला दोन तास जबरदस्तीनं जागं ठेवलं तर ते किरकिरतं, मलूल दिसतं, आणि मग खरं लक्षण कुठलं हेच कळेनासं होतं. अवेळी झापड येणं किंवा उठवूनही न उठणं, हे बघायचं.

मी मुलीला घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, ‘थोडीशीच पडली’. लाज वाटत होती, पाठ वळवल्याचं सांगवत नव्हतं. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, ‘ताई, तुमच्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून की कमरेएवढ्या? खाली काय होतं? किती वाजता?’ मग मी सगळं खरं सांगितलं: गुडघ्याहून जरा वर, उघडी फरशी, साडेसहा वाजता, डोक्याची उजवी बाजू. त्यांनी तिथे बोटं फिरवून बघितलं, आम्हाला चार तास समोर बसवून ठेवलं, आणि मग घरी पाठवलं.