दीडशे राजे म्हणजे अराजक नव्हे

‘खंबीर नेत्याविना देश बुडतो’ अशा मथळ्याचा एक मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. डब्लिनला शिकणाऱ्या माझ्या भाचीनंही तो खरा मानून पुढे पाठवला, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज म्हणतो: मध्ययुगाच्या सुरुवातीला आयर्लंडात दीडशे राजे होते, कायदा नव्हताच, जो तो राजा मनाला येईल तसं वागायचा. ते आपसांत भांडले म्हणून व्हायकिंग, म्हणजे उत्तरेकडचे समुद्री लुटारू, घुसले. मग ब्रायन बोरू या आयरिश राजानं सगळ्यांना एक केलं आणि १०१४ साली डब्लिनजवळच्या क्लॉनटार्फच्या लढाईत परक्यांना देशाबाहेर हाकललं. तो गेल्यावर पुन्हा छोटे राजे माजले, म्हणून इंग्रज आले.

दीडशेचा आकडा चालेल, इतिहासकारांचा अंदाजही साधारण तेवढाच आहे. एका राजाचं राज्य, म्हणजे ‘तुआथ’, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढं. काही तुआथ मिळून वर एक अधिराजा, त्याच्याही वर प्रांताचा राजा. पण राजे पुष्कळ म्हणून कायदा नव्हता, हे कुठून आणलं? अख्ख्या बेटाची भाषा एक होती, कायद्याची परंपरा एक होती, आणि ती राजांनी नव्हे, पिढीजात कायदेपंडितांनी सांभाळली होती.

‘मनाला येईल तसं’ म्हणणाऱ्यानं ‘क्रीथ गब्लाख’ एकदा वाचावा. इसवी सन ७००च्या सुमाराचा हा कायदाग्रंथ. समाजात कोणाचा मान किती, हे त्यात पायरीपायरीनं ठरवलंय. तुआथच्या राजाचा मान सात ‘कुमल’ (कुमल हे किंमत मोजायचं एकक). त्याच्याविरुद्ध गंभीर गुन्हा केलात, तर भरपाई या हिशेबानं द्यायची. पण तो मान राजाला कायमचा मिळालेला नव्हता. लढाईतून पळताना मानेवर मागून घाव बसला, की मान गेला. हाती कुदळ-कुऱ्हाड घेऊन राबताना दिसला, की सामान्य शेतकऱ्याच्या पायरीवर उतरला. आठवड्याचे वारसुद्धा बांधून दिलेत: रविवारी मद्यपान, सोमवारी न्यायनिवाडा, मंगळवारी पटावरचा खेळ, बुधवारी शिकारी कुत्र्यांची धाव बघणं, गुरुवारी पत्नीसहवास, शुक्रवारी घोड्यांच्या शर्यती, शनिवारी पुन्हा निवाडे. आणि राजानंच कोणाचं देणं बुडवलं तर? राजाची गुरं थेट जप्त करणं त्याच्या मानाला शोभणारं नव्हतं, म्हणून कायद्यानं राजाच्या बदली उभा राहणारा एक सामान्य माणूस ठरवून दिला होता. घेणेकरी त्याच्यावर जप्ती आणायचा, आणि त्याला सोडवलं नाही तर नाचक्की राजाची. ज्या समाजानं राजाकडून वसुली कशी करायची याचा इतका बारीक विचार केला, त्याला अराजक म्हणणं हा निव्वळ अडाणीपणा आहे.

हे चित्र आदर्श आहे, प्रत्येक राजा तसा वागत नव्हता, हे मान्य. रक्तपात भरपूर होता, हेही मान्य करावं लागतं. ज्याचा बाप, आजा किंवा पणजा गादीवर बसला होता, असा कुळातला साधारण कोणीही पुरुष वारस म्हणून पुढे येऊ शकत होता, त्यामुळे चुलत्या-पुतण्यांनी एकमेकांचे गळे कापले. मठसुद्धा एकमेकांशी लढले. ७६४ साली क्लॉनमॅकनॉइज आणि डरो या मठांच्या लढाईत डरोची दोनशे माणसं पडल्याची नोंद वार्षिक बखरींत आहे. आणि ‘कुमल’ म्हणजे मुळात गुलाम स्त्री. तिच्या किमतीत राजाचा मान मोजणारा हा समाज होता. तेव्हा त्याला सुवर्णयुगही कोणी म्हणू नये.

पण फुटीमुळे व्हायकिंग आले, हे साफ चूक. ७९५मध्ये ते आयर्लंडला आले, त्याच्या दोन वर्षं आधी त्यांनी इंग्लंडचा लिंडिसफार्न मठ लुटला होता. इंग्लंडची राज्यं आयर्लंडच्या तुआथांपेक्षा कितीतरी मोठी, तरी नॉर्थम्ब्रिया आणि ईस्ट अँग्लिया व्हायकिंगांनी गिळली. आयर्लंडात मात्र त्यांच्या हाती मुख्यतः किनाऱ्यावरची ठाणी राहिली. शिवाय ९०२ साली ब्रेगा आणि लाइन्स्टर या आयरिश राज्यांच्या राजांनी त्यांना डब्लिनमधून खरोखर हुसकलं. ते १५ वर्षांनी परतले, पण हे काम ब्रायनच्या जन्माआधीचं आहे.

क्लॉनटार्फचं सांगायचं तर ब्रायनच्या विरोधात लाइन्स्टरचा आयरिश राजा माइल मोर्दा होता. त्याच्या जोडीला डब्लिनचा नॉर्स, म्हणजे व्हायकिंग वंशाचा, राजा सिट्रिक, शिवाय स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरून आलेली कुमक. माइल मोर्दाची बहीण गोर्मलाथ ही सिट्रिकची आई आणि ब्रायनची पूर्वाश्रमीची पत्नी. सिट्रिक तर ब्रायनचा जावई. उत्तरेचे बलाढ्य राजे ब्रायनच्या मदतीला आलेच नाहीत. एका झेंड्याखाली आलेला देश तो हाच का? लढाई ब्रायनच्या बाजूनं जिंकली, पण तो स्वतः मारला गेला. आणि ‘हाकललेला’ सिट्रिक १०३६पर्यंत डब्लिनवर राज्य करत राहिला. माझी भाची राहते त्याच शहरातलं क्राइस्ट चर्च कॅथीड्रल त्याच्याच काळात उभं राहिलं.

राहिला इंग्रजांचा मुद्दा. बाराव्या शतकापर्यंत छोट्या राजांचं बळ संपत आलं होतं, खरी सत्ता मोजक्या प्रांतराजांच्या हातात एकवटली होती. त्यांच्याच झुंजीत ११६६ साली लाइन्स्टरच्या डिअरमिड मॅकमरोला देश सोडावा लागला. तो मदत मागायला इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीकडे गेला, आणि ११६९मध्ये पहिल्या तुकड्या उतरल्या. त्यांना बोलावणारा कोणी तालुक्याएवढ्या तुआथचा राजा नव्हता. अख्खा प्रांत राखणारा, वर्षानुवर्षं खंबीरपणे सत्ता गाजवलेला राजा होता.