भाजीच्या ट्रेमध्ये पाणी आलं म्हणजे गॅस गेला, असं नाही

पावसाळा लागला की हा मेसेज ग्रुपवर फिरू लागतो: ‘फ्रीजमध्ये बर्फ चढतोय, खाली पाणी साचतंय? गॅस संपत आलाय, लगेच भरून घ्या. तोवर बर्फ सुरीने काढा, आत मिठाची वाटी ठेवा.’ मी फ्रीज दुरुस्त करतो आणि या मेसेजपायी लोकांचे पैसे जाताना पाहतो, म्हणून लिहितोय.

फ्रीजमधला गॅस शेगडीच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कुठे गळती लागली तरच कमी होतो. मग दूध नासतं, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, फ्रीजरच्या एखाद्याच कोपऱ्यात बर्फ धरतो. तुमचं दूध गार असेल आणि फक्त खाली पाणी असेल, तर गॅसचा विषय सोडून द्या.

हे पाणी हवेतलं आहे. दार उघडलं की दमट हवा आत शिरते आणि मागच्या गार भिंतीवर तिचे थेंब होतात. ते ओघळून तळाच्या पन्हळीत, तिथल्या भोकातून नळीत आणि मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातात. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने तिथेच सुकतात. भोक तुंबलं की सगळं भाजीच्या ट्रेमध्ये. गेल्या आषाढात एका आजींना कुणीतरी गॅस भरायला सांगितलं होतं. एकदारी फ्रीज. प्लग काढला, सामान बाहेर घेतलं, तर भोकात कोथिंबिरीची काडी आणि भोवती काळा चिकट गाळ. बिनसुईच्या सिरिंजने कोमट पाणी सोडलं. तिसऱ्या वेळी मागच्या ट्रेमध्ये टपटप ऐकू आली. आजींनी स्वतः वाकून पाहिलं.

फ्रॉस्ट-फ्रीमध्ये, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये, बर्फ आतल्या पॅनेलच्या मागे धरतो आणि तो वितळवायला हीटर असतो. वितळवूनही चार दिवसांत पुन्हा साचला, तर हीटर, सेन्सर, टायमर तपासून घ्या.

सुरी मात्र कृपा करून लावू नका. बऱ्याच एकदारी फ्रीजमध्ये फ्रीजरची भिंत म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे असतात आणि त्यांच्या मधल्या वाटांतून गॅस वाहतो. टोक घुसलं की फुस्स आवाज येतो, आणि तेव्हा गॅस खरोखरच जातो. आजच्या अनेक फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेट घेतो. असं झालंच तर खिडक्या उघडा; शेगडी, बटणं, प्लग कशालाही हात लावू नका. बर्फ काढायचा तर आधीच फ्रीज बंद करा, दार उघडं ठेवा, खाली जुना टॉवेल अंथरा आणि काही तास वाट पाहा.

मिठाचं थोडक्यात सांगतो. हवेत साधारण ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तरच साधं मीठ पाणी धरतं. दाराच्या फटीतून सतत येणाऱ्या हवेपुढे एका वाटीचं काय चालणार? त्यापेक्षा रबर पाहा. दारात कागद धरून दार लावा. तो सहज निसटला तर रबर सैल आहे.

आणि तरीही कुणी गॅस भरायलाच सांगितलं, तर आधी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. ती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने पुन्हा जाईल.