जनसुनावणीला जायचं की बहिष्कार टाकायचा?

खाडीच्या मुखाशी मालवाहू जेट्टी आणि तिच्यामागे माल साठवायचं आवार, असा प्रस्ताव आहे. पर्यावरणविषयक जनसुनावणीची नोटीस पेपरात आली आणि तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. परवाचं बोलणं लिहून काढतोय, कारण कोकण किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांना आज ना उद्या हाच प्रश्न पडणार आहे.

मच्छीमार तांडेलांचं मत पक्कं. "बहिष्कार. मांडव त्यांचा, माइक त्यांचा, व्हिडिओ त्यांचा. आपण गेलो की झालं, गावाला विचारलं असं लिहायला ते मोकळे."

"आणि नाही गेलो तर काय लिहितील?" वकिलाने विचारलं. आमचा हा मित्र तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि पर्यावरण परवानगीच्या अधिसूचनेची प्रत घेऊनच आला होता.

"लिहितील, गावाचा विरोध आहे."

"नाही लिहिणार. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत सुनावणीला गणसंख्येची अटच नाही. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते, तसं इथे होत नाही. समोर रिकाम्या खुर्च्या असल्या तरी सुनावणी सुरू करता येते आणि संपवताही येते. इतिवृत्तात काय येणार? आक्षेप नाहीत."

यावर तांडेल थोडे थांबले. मला विचाराल तर सगळ्या वादात हीच गोष्ट सर्वांत जास्त लोकांपर्यंत पोचायला हवी. बहिष्कार म्हणजे जोरदार निषेध असं आपण धरून चालतो. या सुनावणीच्या कागदावर मात्र बहिष्कार दिसतच नाही. गाव चिडून घरी बसलं की काही मत नसल्यामुळे घरी बसलं, हे तिथे कुणाला कळणार?

"बरं, गेलो," तांडेल म्हणाले. "मग हात वर करून मोजणार का? हजार विरुद्ध दहा?"

"मतदान नसतं. सुनावणी घेणार प्रदूषण नियंत्रण मंडळ. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी, नाहीतर अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी. ते मंजूर-नामंजूर काही ठरवत नाहीत, ते फक्त नोंदवतात. ठरवतं दिल्लीचं मंत्रालय किंवा राज्याचं प्राधिकरण, तेही तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून. बंदराची क्षमता वर्षाला ५० लाख टन किंवा जास्त असेल तर दिल्ली, कमी असेल तर राज्य. त्या समितीतला एकही माणूस आपली खाडी बघायला येईलच असं नाही. त्याच्यासमोर कागद जाणार. कागदात जे आहे तेवढीच खाडी."

"म्हणजे आपली मतं पोस्टमनला सांगायची," मास्तर म्हणाले. मास्तर निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवत होते.

"पोस्टमनला सांगायची, पण समोर लिहून घ्यायची. सुनावणी संपताना इतिवृत्त तिथेच मराठीत वाचून दाखवायला लागतं आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायला लागते, असा नियम आहे. आपल्याकडची माणसं बोलून झालं की घोषणा देत निघून जातात. वाचन चालू असताना मांडवात कुणी नसतं. बसून राहायचं. आपला मुद्दा वाचला गेला नाही तर तिथल्या तिथे उभं राहून सांगायचं."

इथे तांडेलांचा पुतण्या बोलला. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला मुलगा, इतका वेळ ऐकत होता. "काका, तुम्ही सगळे जाणार ते अडवायलाच ना? मग सुनावणी कसली? माझ्यासारख्या मुलांचं कोण बोलणार तिथे? माझ्या बॅचची निम्मी पोरं मुंबईला खोल्या शेअर करून राहतात. बोटीवर खलाशी मिळत नाहीत म्हणून तुम्हीच ओरडता. मासळी कमी झाली ती काय जेट्टीने? जेट्टी तर अजून झालीच नाही. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली निर्बंध आले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ साली बंदी आली, तरी रात्री समुद्रात उजेड कुणाचा दिसतो?"

तांडेल चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "दिसतो. खरं आहे. आमच्यातलेच आहेत." मग जरा वेळाने, "पण घराला एका बाजूने वाळवी लागली म्हणून दुसऱ्या बाजूने आग लावायची का?"

पुतण्याचं म्हणणं मला खोडून काढायचं नाही. किनाऱ्यावरच्या गावांत पर्यावरणाची बाजू घेणारे आम्ही लोक बहुतेक पोटापाण्याची सोय झालेले असतो. ज्याची व्हायची आहे त्याने नोकरीचं विचारलं की त्याला गावाचा शत्रू ठरवणं, हा अन्याय आहे. वकिलाने त्याला बरोबर सांगितलं, "तूही ये आणि तूही बोल. विचार, कायम नोकऱ्या किती, कंत्राटी किती, कुठल्या शिक्षणाला, बांधकाम संपल्यावर किती उरणार. आज हे आश्वासन तोंडी आहे. सुनावणीत विचारलंस की कंपनीला उत्तर द्यायला लागतं आणि ते उत्तर प्रकल्पाच्या अंतिम पर्यावरण अहवालात जातं. उद्या नोकरी नाही मिळाली तर निदान दाखवायला कागद असेल." पोरगं गप्प झालं नाही, पण वहीत काहीतरी लिहिताना दिसलं.

मग अहवालाकडे वळलो. पूर्ण मसुदा इंग्रजीत, जाडजूड. मराठीत फक्त सारांश. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायत, इतक्या ठिकाणी तो बघायला ठेवावा लागतो आणि नोटिशीनंतर किमान ३० दिवस मिळायला हवेत. २०२० च्या मसुदा अधिसूचनेत हे ३० चे २० करायचा प्रस्ताव होता. देशभरातून लोकांनी हरकती घेतल्या आणि तो मसुदा कधी अंतिम झाला नाही. ३० दिवसदेखील भरपूर नाहीत. मासेमारी करणाऱ्याने तेवढ्या दिवसांत प्रवाहाची मॉडेलं वाचायची?

मास्तरांनी ग्रामपंचायतीत बसून जमेल तेवढा अहवाल वाचला होता. "मोजमाप केलंय डिसेंबर ते फेब्रुवारी," ते म्हणाले. "हे काही एकट्या याच अहवालाचं नाही. पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी, अशी पद्धतच पडली आहे. हवेत धूळ किती हे मोजायला ती ठीक असेल. पण आपला किनारा डिसेंबरात बघून काय कळणार? त्या दिवसांत पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, भरलेली असते. जूनमध्ये नैर्ऋत्येच्या लाटा सुरू झाल्या की तीच वाळू खरवडून आत जाते आणि पावसाळा संपला की हळूहळू परत येते. वाळू बाहेर पडायची आणि परत यायची ती वाट नेमकी जिथे आहे तिथेच हे लोक बांध घालणार. आणि अहवालात वाक्य काय? किनारा स्थिर आहे."

"स्थिर म्हणजे त्या तीन महिन्यांत स्थिर," वकील म्हणाला.

"तेच. खाडीचंही तसंच. पावसात वरून गोडं पाणी आणि गाळ उतरतो, मुखाशी वाळूचा दांडा सरकतो, खारेपणा बदलतो. १ जून ते ३१ जुलै आपण होड्या वर ओढतो ते मासळीच्या विणीसाठी. सरकारने स्वतः हा काळ इतका नाजूक मानलाय की मासेमारी बंद ठेवली आणि नेमका तोच काळ अभ्यासातून वगळायचा?"

मास्तरांनी पुदुच्चेरीचं उदाहरण दिलं. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदरासाठी लाटरोधक बांध घातले. त्या किनाऱ्यावर वाळू वर्षभरात मिळून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. बांधाच्या दक्षिणेला ती अडून साठली आणि उत्तरेला शहरासमोरचा वाळूचा किनारा नाहीसा होऊन दगड टाकायची वेळ आली. पुढे २०१८ च्या सुमारास पाण्यात कृत्रिम अडथळा उभारल्यावर थोडी वाळू परत आली. "चेन्नईत तर एकोणिसाव्या शतकात हेच झालं होतं. बंदराच्या दक्षिणेला मरीना किनारा रुंद होत गेला, उत्तरेला रोयापुरमची बाजू समुद्र खात गेला. शंभर वर्षं आधी दिसलेली गोष्ट पुदुच्चेरीला पुन्हा केली. आपला किनारा वेगळा आहे, दोन डोंगरी टोकांमध्ये अडकलेल्या छोट्या पुळणी. इथे वाळू कुठून कुठे जाते हे कुणी मोजलेलंच नाही. न मोजता 'परिणाम नगण्य' हे कुठून आलं, एवढंच मला विचारायचंय."

याच सुमाराला काकी बाजारातून परत जाताना थांबल्या. त्या खाजणातल्या चिखलात तिसऱ्या आणि कालवं ही शिंपली काढतात. वकिलाने सहज विचारलं की सर्वेवाले तुमच्याकडे आले होते का.

"आले होते की. विचारलं, बोट आहे का? म्हटलं नाही. जाळी आहे? नाही. सातबारा? म्हटलं चिखलाचा कुठला सातबारा? गेले मग."

मी अहवालाचं ते पान नंतर बघितलं. नोंदणीकृत बोटींची संख्या आहे, मच्छीमार कुटुंबांचा तक्ता आहे, जमीनमालकांची यादी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरणाऱ्या, बोटांनी आणि लोखंडी सळईने चाचपून शिंपलं काढणाऱ्या बाया त्या तिन्हींत नाहीत. बोट नाही म्हणून मच्छीमार नाहीत, जमीन सरकारी म्हणून बाधित नाहीत. त्यांचा चिखलाचा पट्टा नकाशावर आहे, 'आंतरभरती क्षेत्र' असं नाव देऊन फिकट रंगात. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) भाषेत तो एक-ब वर्ग. त्यावर कुणाचं पोट चालतं हे सांगणारा रकाना अहवालात कुठेच नाही. आणि जेट्टीसाठी गाळ उपसला की ढवळलेला बारीक गाळ आधी बसणार तो याच पट्ट्यावर. तिसरी पाणी गाळून जगते. पाण्यात गाळ वाढला की आधी तिचाच जीव गुदमरतो.

"काकी, सुनावणीला हेच बोला," वकील म्हणाला. "नुसतं प्रकल्प नको असं नाही. कुठल्या जागी, कुठल्या महिन्यात, कितीजणी, दिवसाला किती टोपल्या. ते लेखी पण द्या आणि पोच घ्या."

"मला लिहिता येतं," काकी म्हणाल्या. आम्ही जरा वरमलो.

तांडेल मात्र अजून बहिष्कारावरच अडून होते. "हे सगळं नोंदवलं आणि तरी परवानगी मिळाली तर? वाढवणचं बघा. डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली तिथल्या बंदराला नाही म्हटलं. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली हो म्हटलं. समुद्र तोच, गावं तीच."

याला सोपं उत्तर नाही आणि कुणी द्यायचा प्रयत्नही केला नाही. वकिलाने मोपाचं सांगितलं. गोव्यातल्या त्या विमानतळाच्या अर्जात आसपासच्या जंगलाची माहिती नीट दिली नव्हती, म्हणून मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली आणि समितीला पुन्हा तपासायला लावलं.

"आणि विमानतळ?"

"झाला. जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली."

"बघा."

"पण त्या अटी आल्या कुठून? अर्जात काय लपलंय ते कुणीतरी दाखवून दिलं म्हणून. परवानगीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात जायला ३० दिवस असतात, फार तर आणखी ६०. तेवढ्यात नवा पुरावा गोळा होत नाही. सुनावणीत काय नोंदवलं होतंत, हेच तिथे आधी विचारतात."

मग मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचा विषय निघाला आणि तिथे तांडेलांनी बाजी मारली. वरळीच्या कोळ्यांच्या होड्या जातात तिथल्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. २०२२ च्या शेवटी ते १२० मीटर करायचं मान्य झालं, एक खांब कमी करून. "ते सुनावणीत मिळालं का? होड्या घेऊन समुद्रात काम रोखलं तेव्हा मिळालं."

"बरोबर," वकील म्हणाला. "पण काम रोखताना ते नुसतं हटाव म्हणाले नाहीत. वाऱ्यात आणि ओढीत होडी दोन खांबांतून सुरक्षित जायला किती जागा लागते, ते मीटरमध्ये मांडलं."

तांडेलांनी मान हलवली. आमच्या खाडीच्या मुखाशी डोल जाळी लावतात त्यांच्या खुंटांच्या जागा किती आणि कुठे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. अहवालात त्या जागांबद्दल एक ओळही नाही.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. मी जाणार, लेखी देणार, इतिवृत्त वाचून होईपर्यंत बसणार. सुनावणी न्याय देईल म्हणून नव्हे. आपल्या खाडीची सर्वांत खोल माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांनीच गप्प बसावं आणि एका हंगामाच्या मोजणीने तिचं भवितव्य ठरावं, हे मला सहन होणार नाही. रस्त्यावर उतरायची वेळ आली तर उतरूच. कागदाने ते थांबत नाही.

निवेदनाचा कच्चा खर्डा आता तयार होतोय. वाळू आणि पावसाळ्याचा भाग मास्तर लिहितायत, खाजणाचा काकी सांगतायत, नोकऱ्यांचे प्रश्न पुतण्याने आणून दिले, चांगले नेमके आहेत. तांडेलांनी खुंटांच्या जागा नकाशावर पेन्सिलीने काढून दिल्या, पण सहीचं विचारल्यावर त्यांनी अट घातली आहे: पहिलंच वाक्य असं हवं की आम्ही हजर आहोत, याचा अर्थ आमची संमती आहे असा लावू नये. वकील म्हणतो, वाक्य चालेल, पण त्याखाली कारणं हवीत. तांडेल म्हणतात, कारणं नंतर, आधी हे वाक्य. त्यावर अजून एकमत व्हायचंय.