कोकण किनाऱ्याची ‘तयार’ फ्रिक्वेन्सी यादी आणि तिचे तीन दावे

‘कोकण किनाऱ्याच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी’ अशा नावाची रेडिओ फ्रिक्वेन्सींची यादी व्हॉट्सॲपवर फिरते आहे. तिच्यासोबत तीन दावे आहेत. यादीतले आकडे स्कॅनरमध्ये, म्हणजे नौका-विमानांचे संदेश ऐकायच्या रेडिओ संचात, भरले की काम झालं. चौपाटीवर बसलं की पन्नास किलोमीटरपर्यंतच्या नौका ऐकू येतात. आणि नुसतं ऐकायला परवाना लागत नाही. यावर विसंबून तरुण मुलं पैसे घालतायत, म्हणून एकेक दावा तपासू.

यादीतले काही आकडे बरोबर आहेत, पण ते कोकणचे नाहीत. समुद्रात मदतीची हाक देण्याच्या सागरी चॅनल १६ चे १५६.८ मेगाहर्ट्झ, जहाजांची ओळख आणि जागा आपोआप कळवणाऱ्या एआयएस यंत्रणेचे १६१.९७५ आणि १६२.०२५, विमानांच्या आणीबाणीचे १२१.५ हे जगभर तेच आहेत. काही आकडे मेलेले आहेत. ढगांच्या चित्रांसाठी दिलेले १३७.१, १३७.६२ आणि १३७.९१२५ हे अमेरिकेच्या नोआ हवामान उपग्रहांचे होते आणि ते उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. उरलेले आकडे कुणीतरी कुठेतरी एकदा ऐकलेले, आणि खरी गडबड तिथेच आहे.

उन्हाळ्यात अरबी समुद्रावरच्या गार, दमट हवेवर जमिनीकडची कोरडी, गरम हवा पसरते. व्हीएचएफ लहरी (३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे वरच्या नौका-विमानांच्या आकड्यांच्या) त्या थरात अडकतात आणि शेकडो किलोमीटर पाणी ओलांडून येतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या रडारवर अरबस्तानचा किनारा दिसायचा तो यामुळेच. म्हणून मे महिन्यात रात्री वेंगुर्ल्याला ऐकलेला आवाज वेंगुर्ल्याचाच असेल असं नाही. पाऊस सुरू झाल्यावर तो गप्प झाला तर संशय घ्यायला जागा आहे. ही कसोटी नौकांना मात्र लावू नका, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंदच असते. दुसरा धोका स्वस्त डोंगलचा, म्हणजे संगणकाला लावून रेडिओ ऐकायच्या छोट्या यूएसबी संचाचा. जवळचं एफएम केंद्र त्याला झेपत नाही आणि मुळात नसलेले सिग्नल पडद्यावर उभे राहतात. गेन, म्हणजे संच सिग्नल किती मोठा करतो ते, कमी करून बघा. खरा सिग्नल हळूहळू बारीक होतो, खोटा एकदम नाहीसा होतो. एवढी साधी तपासणी न करता आकडे पुढे ढकलले जातात याचं फार वाईट वाटतं.

कुठला पट्टा कुठल्या सेवेसाठी आहे हे दूरसंचार विभागाच्या राष्ट्रीय फ्रिक्वेन्सी वाटप आराखड्यात कुणालाही वाचता येतं. सुरुवात तिथून करावी, मग स्वतःची वही. तारीख, वेळ, जागा, एएम की एफएम, आणि तोच आवाज पुन्हा कधी आला. वेगवेगळ्या ऋतूंत टिकला तोच आकडा आपल्या गावचा.

आता पन्नास किलोमीटरचं. व्हीएचएफचं क्षितिज काढायला मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्या आणि ४.१२ ने गुणा. वाळूत चार मीटरच्या काठीवर अँटेना असेल तर ८ किलोमीटर, नौकेची नऊ मीटरवर असेल तर १२. एकूण २०. शंभर मीटर उंचीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तीच अँटेना नेली तर मात्र हिशेब ५३ वर जातो. सड्याच्या पायथ्याशी, पोफळीच्या आगरात घर असेल तर समोरची खाडी सोडून फारसं काही मिळणार नाही.

तिसरा दावा सगळ्यात घातक. १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा बिनपरवाना संच बाळगण्यालाच मनाई करतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम ४२ बेकायदा संदेश अडवून ऐकण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतं. यादीत पोलिसांच्या नावाने आकडे आहेत. ते साठवूही नका. १९९३ मध्ये रायगडातल्या शेखाडीला मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरली तेव्हापासून या किनाऱ्यावर हातात वायरलेस घेतलेल्या माणसाला हटकलं जाणारच, आणि हटकायलाच हवं. वॉकीटॉकीत परवान्याशिवाय मोकळीक आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या कमी ताकदीच्या संचांना. इतर संच घेऊन चॅनल १६ वर ‘चाचणी’ म्हणून बटण दाबणं म्हणजे बुडणाऱ्या नौकेच्या तांडेलाची हाक दाबणं.

ज्याला हा छंद मनापासून करायचा आहे त्याने हॅमची, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची, परीक्षा द्यावी. वयाची अट फक्त १२ वर्षांची आहे. परवाना आला की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर ऐकताही येतं, बोलताही येतं, आणि समोरचा माणूस त्याचं ठिकाण, अँटेना, तुमचा सिग्नल कसा येतोय, सगळं आपणहून सांगतो.