एका तुटक्या दातासाठी आठ दात घासून घेऊ?

डोकं फिरलंय माझं. एक दात तुटलाय. एक! आणि महिनाभर पुण्यात दवाखाने पालथे घालतीये तरी सरळ उत्तर कुणी देईना.

सातवीत सायकलवरून पडले, वरचा पुढचा दात तिरका उडाला. तेव्हा साताऱ्यात रूट कॅनल करून दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटचा तुकडा चिकटवून दिला होता, तो चहा पिऊन पिऊन पिवळा पडला, त्याखालचा मूळ दात करडा झाला, आणि ह्या संक्रांतीला आईच्या कडक गुळाच्या वडीत तो तुकडा जो अडकला तो वडीसकट हातात आला. गोड बोला म्हणे, मी दिवसभर तोंडावर पदर धरून बोलत होते. त्यात बाकीचे दात आधीपासूनच दाटीवाटीने एकमेकांवर चढलेले.

पहिला दवाखाना चकाचक, स्माइल डिझायनिंगवाला. ओठ ताणायला ती प्लॅस्टिकची क्लिप अडकवली, फोटो काढले, मग शेड गाइडची दातांची माळ तोंडाशी धरून "तुमचा ए थ्री आहे" (म्हणजे दातांची छटा पिवळसर) असं म्हणाले की मला वाटलं नापासच झाले. उपाय काय तर वरच्या आठ दातांना व्हेनियर (दातावर पुढून चिकटवायचं पातळ कवच), दोन-तीन सिटिंग, एका दाताचे बारा हजार. म्हटलं बाकीचे सात तर धडधाकट आहेत ना? "मॅडम, मॅच नको का व्हायला?" अहो मग एकाला सातांसारखा करा की, एकापायी सातांना का सोलताय! व्हेनियर बसवायला साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, घासतात, वाकडा दात सरळ दिसायला हवा असेल तर अजून जास्त, आणि इनॅमल काही नख नाही परत वाढायला, गेलं की गेलं, मग जन्मभर त्यावर काहीतरी चढवत बसायचं आणि काही वर्षांनी परत पैसे मोजून बदलायचं. हे आपणहून सांगितलं का? नाही. मी विचारलं तेव्हा "अगदी थोडंसं". बरं वरचे पांढरेफेक केले तर खालचे ए थ्रीच राहणार, वर ट्यूबलाइट खाली पिवळा बल्ब, तर त्यावरही उत्तर तयार, "मग खालचेही करून टाकू".

दुसरीकडे तारावाले. ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढा, चार दात काढा, दोन वर्षं तारा, दर महिन्याला टाइट करायला या. आणि तुटक्या दाताचं काय? "ते नंतर प्रोस्थोला (कॅप, कवळी बसवणाऱ्या डॉक्टरला) दाखवा." म्हणजे दोन वर्षं मी तारा आणि अर्धा दात घेऊन क्लायंटसमोर प्रेझेंटेशन देऊ? आणि तारा काढल्यावर रोज रात्री दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर घालायचा, नाहीतर दात पुन्हा जुन्या जागी निघाले, हेही मीच खोदून खोदून काढलं. तिसऱ्याने तर दात नीट बघायच्या आधी अलायनरचं (तारांऐवजी दातांवर चढवायचे पारदर्शक साचे) स्कॅनिंग सुरू केलं. दिवसाचे बावीस तास घालायचे म्हणे, काढल्याशिवाय चहा नाही. मला! दिवसाला पाच कप पिणारीला!

शेवटी कोणी समजावलं तर बीडीएसला (दातांच्या डॉक्टरकीला) असलेल्या मामेबहिणीने, तेही व्हॉट्सअॅप कॉलवर डबा खाता खाता. म्हणाली, ताई, मार लागलेला दात कधीकधी हाडाला चिकटून बसतो, मग तारेने हलतच नाही, ते आधी तपासून घे. हलत असेल तर आत्ता तात्पुरतं कॉम्पोझिट लावून घे, मग तारा, आणि दात जागेवर आले की त्या एकाच दाताला कॅप. तारांची घाई नसेल तर नुसती कॅप कर, बाकीच्यांना हात लावू देऊ नको. दोन मिनिटं लागली तिला! हे त्या तिघांना, हजार-हजार रुपये कन्सल्टेशन घेऊन, बोलता येत नव्हतं? ज्याच्या दुकानात जे आहे तेच तुमच्या तोंडाला हवंय.

घरी वेगळाच ताप. आई म्हणते तिशीत कसल्या तारा लावतेस, सासूबाई म्हणतात दातांपेक्षा आधी कॅल्शियम घे, नवरा म्हणतो मला तर तुटलेला दिसतही नाही (सात वर्षं संसार करून!). माझ्या मेडिक्लेममध्ये दाताची ओपीडी बसत नाही, ते एक आहेच.

आणि आज सकाळी त्या चकाचकवाल्यांचा मेसेज, सहा व्हेनियरवर दोन फ्री, ऑफर फक्त रविवारपर्यंत. अरे मला एकच हवाय, एक! तो द्या की फ्री.