निकाल लागला, मग केलं कोणी?

सुन्याचं म्हणणं एकदम सरळ आहे, पकडला की चौकात टांगा. गेली कित्येक वर्षं तो हेच म्हणतोय, पण ऑगस्टच्या पहिल्या रविवारी वसई स्टेशनबाहेरच्या आमच्या कट्ट्यावर त्याचा आवाज जरा जास्तच चढला होता, कारण दहा दिवसांत दोन निकाल आले होते. 21 जुलै 2025 ला मुंबई हायकोर्टाने 11 जुलै 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटातले बाराच्या बारा जण निर्दोष ठरवले, आणि 31 जुलैला स्पेशल कोर्टाने 2008 च्या मालेगाव स्फोटातले सातही.

"एकोणीस वर्षं सरकारी बिर्याणी खाल्ली आणि आता घरी चालले," सुन्या म्हणाला.

"ती बिर्याणी काढू नकोस," वकील म्हणाला. (वकील म्हणजे वकील नाही हं, एका वकिलाकडे क्लार्क आहे, पण कोर्टाचं काही निघालं की याच्यापुढे कोणाचं चालत नाही.) "कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती. सरकारी वकील निकमांनीच 2015 ला सांगितलं की ती पुडी मीच सोडली होती, लोकांना त्याची दया यायला लागली होती म्हणून. आणि तू दहा वर्षं तीच खातोयस."

सगळे हसले, सुन्या सोडून.

"बरं, कसाब. त्याला कसं चार वर्षांत लटकवला? मग यांना का नाही?"

हा प्रश्न खरं तर चांगला होता. 26 नोव्हेंबर 2008 ला हल्ला आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी, म्हणजे चार वर्षांना पाच दिवस कमी, आणि त्यात ऑर्थर रोडचं स्पेशल कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, सगळं आलं. वकील म्हणाला, अरे तो जिवंत हातात सापडला होता, ओंबळेंनी गोळ्या खाल्ल्या पण त्याची बंदूक सोडली नाही, सीएसटीवर हातात रायफल घेतलेला त्याचा फोटो आहे, बघितलेले लोक आहेत. मग पुढे त्याने जे सांगितलं ते मला खरंच माहीत नव्हतं. त्याच केसमध्ये दोन भारतीय आरोपी पण होते, नकाशे काढून दिले म्हणून, आणि कसाबला फाशी देणाऱ्या त्याच जजने त्या दोघांना सोडलं. पोलीस म्हणत होते की नकाशा मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला, पण त्याचे कपडे रक्ताने माखलेले आणि नकाशावर रक्ताचा डाग नाही. पुढे वरच्या दोन्ही कोर्टांनी ते कायम ठेवलं.

"म्हणजे फास्ट कोर्ट होतं म्हणून फाशी झाली असं नाय, पुरावा होता म्हणून झाली. जिथे नव्हता तिथे त्याच फास्ट कोर्टाने सोडलं," वकील म्हणाला.

पेडणेकर काका तोवर गप्प होते. काका रिटायर्ड आहेत, 11 जुलै 2006 ला संध्याकाळच्या विरार लोकलला होते, सेकंड क्लासला. स्फोट सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत झाले, माटुंगा रोडपासून मीरा रोड-भाईंदरपर्यंत सात, दहा-अकरा मिनिटांत. काका त्याबद्दल फार बोलत नाहीत, एवढंच सांगतात की ट्रॅकच्या बाजूच्या झोपड्यांतली लोकं घरातल्या चादरी घेऊन पळत आली, पाऊस होता, आणि त्या चादरींची झोळी करून चौघं चौघं माणसाला उचलून नेत होते. ॲम्ब्युलन्स कुठून येणार रुळांवर. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे परत त्याच गाडीला लटकलो आणि पेपरवाल्यांनी मुंबईच्या स्पिरिटचं कौतुक केलं, याचा काकांना अजून राग आहे. "स्पिरिट कसलं, खाडा झाला असता," असं म्हणतात.

तर काका म्हणाले, "मला एक सांग वकिला. हे बारा नाहीत, ठीक. मग केलं कोणी?"

यावर वकिलाकडे पण उत्तर नव्हतं, पण त्याने जे सांगितलं त्याने माझं तरी डोकं फिरलं. एटीएसने, म्हणजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, काही महिन्यांत केस सुटली म्हणून जाहीर केलं, नोव्हेंबर 2006 ला चार्जशीट दाखल, दहा हजारांच्या वर पानं. मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा, लावला, त्यात डीसीपीसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालतो. मग 2008 ला मुंबईच्याच क्राइम ब्रँचने इंडियन मुजाहिदीनची पोरं पकडली आणि त्यातला एक म्हणाला की लोकलचे स्फोट आम्ही केले (नंतर कोर्टात तो फिरला ते वेगळं). म्हणजे एकाच शहरात दोन पोलीस ऑफिसं आणि गुन्हेगार वेगवेगळे. मधे दोन वर्षं सुप्रीम कोर्टाचा स्टे, 2015 ला निकाल, पाच फाशी, सात जन्मठेप, एक सुटला, नऊ वर्षं आत काढून. मग फाशी कायम करायची म्हणून मॅटर हायकोर्टात, आणि तिथे रोज ऐकायला स्पेशल बेंच कधी बसलं? जुलै 2024 ला. बसल्यावर सहाएक महिन्यांत ऐकून संपलं पण.

"म्हणजे सहा महिन्यांचं काम नऊ वर्षं पडून होतं?" मी विचारलं.

"कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे रोजच्या यादीतच, लागत नाही रे. लागलं तर नंबर येत नाही, नंबर आला तर बेंच बदललेलं, की परत पहिल्यापासून." हे त्याने असं सांगितलं की जसं काय पाणी दिवसाआड येतं.

आणि हायकोर्टाने फोडलं काय काय? टॅक्सीवाला शंभरच्या वर दिवसांनी साक्ष द्यायला आला, एवढ्या दिवसांनी चेहरा कसा लक्षात राहील. ओळख परेड घेणाऱ्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता. जप्त केलेला माल नीट सील करून ठेवला नाही. बॉम्ब नक्की कुठल्या प्रकारचा हे पण सरकारला सिद्ध करता आलं नाही. कबुलीजबाब मारून घेतलेले. यातलं एकही काम एकोणीस वर्षांतलं नाही बघा, सगळं पहिल्या सहा महिन्यांतलं. मला वाटतं आपण उगाच फक्त कोर्टावर चिडतो, घाईत कोणाला तरी उभं करायचं आणि मग ते टिकवता टिकवता वर्षं जातात, उशीर तिथेच पेरलेला असतो. आणि ती घाई कोणाला हवी असते? आपल्यालाच ना.

सुन्या म्हणाला, "तू पण त्यांचा वकील झालास."

एवढ्यात इम्रान आला आणि कट्ट्याचा आवाज एकदम खाली गेला. हे दर वेळी होतं, आणि त्याला ते कळतं. "बोला की, थांबले कशाला," तो म्हणाला. "मी पण सहा पाचच्या गाडीलाच असायचो तेव्हा. मला पण फाशीच पायजे, पण ज्याने केलं त्याला." मग सुन्याकडे वळून, "तू 21 तारखेला स्टेटस टाकलास, न्याय मेला. 31 ला टाकलास, सत्याचा विजय. मालेगावात सहा माणसं गेली, भिक्कू चौकात, त्यांचं कोणी केलं ते विचारलंस का?"

"ते खोटे अडकवले होते."

"आणि हे?"

सुन्या काहीच बोलला नाही. पण खरं सांगायचं तर इम्रानच्या मोहल्ल्यातल्या ग्रुपवर पण स्टेटस असेच होते, फक्त तारखा उलट्या, हे त्याने स्वतःच सांगितलं. मालेगावला 323 साक्षीदार तपासले, त्यातले तीसच्या वर फितूर झाले, तपास आधी एटीएसकडे मग केंद्राच्या एनआयएकडे, सतरा वर्षं. तिकडे पण शेवटी कोर्ट म्हणालं की मोटरसायकलमध्येच बॉम्ब होता हे सिद्ध झालं नाही.

काकांनी परत विचारलं, की आता पुढे काय. वकील म्हणाला सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, 24 जुलैला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हायकोर्टाचा निकाल दुसऱ्या केसेसना दाखला म्हणून वापरू नका, पण सुटलेल्यांना परत आत घालायची गरज नाही. बारांपैकी एक तर 2021 ला कोविडने नागपूरच्या जेलमध्येच गेला, त्याला निर्दोष ठरल्याचं कळलंच नाही.

"मग नवीन तपास?" काका.

"कोण करणार काका? तेव्हाचे पीएसआय आता रिटायरमेंटला आले."

सुन्या म्हणाला म्हणूनच मी म्हणतो, आधीच ठोकायचे होते. इम्रान म्हणाला, कोणाला, एटीएसच्या बाराला की क्राइम ब्रँचवाल्यांना? सुन्या म्हणाला सगळ्यांना.